कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत

मानाचे पाच गणपती कोणते, हे पुण्यातलं शाळकरी पोरही एका दमात सांगतं: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. झपझप चाललं तर ही पाचही ठिकाणं तासाभरात होतात. पण वाटेतल्या आळ्या, देवळं आणि वाडे बघत, लोकांशी बोलत चालायचं म्हटलं तर अख्खी सकाळ अपुरी पडते. संपादकांनी ‘उत्सवातलं शहर’ हा विषय दिला, तेव्हा गणेशोत्सवात निघणाऱ्या एका हेरिटेज वॉकमध्ये मी नाव नोंदवलं. मानाचे गणपती मी लहानपणापासून बघत आले आहे, पण ते नेहमी संध्याकाळी, रोषणाईत, पुढच्याच्या खांद्यावरून. सकाळी साडेसातला, मांडवांचे पडदे अजून पडलेले असताना, पेठा कशा दिसतात ते बघायचं होतं.

आमची वाटाडी आर्किटेक्चर शिकणारी मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, हातात एकही कागद नाही. सोबत हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं, नागपूरहून लेकीकडे आलेले निवृत्त शिक्षक आणि धायरीच्या दोघी मैत्रिणी. त्या दोघी मंडईपर्यंत मेट्रोनं आल्या होत्या. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही नावं मेट्रोच्या नकाशावर आली. पेठांमधली उत्सवाची गर्दी आता जमिनीखालूनही येते.

दिल्ली दरवाज्यापाशी

फेरी सुरू होते शनिवारवाड्यापासून. १० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावानं पायाभरणी केली, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं जळालं. उरले तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे सगळे जण बघतात. आमच्या वाटाडीनं मात्र आम्हाला एका मोकळ्या जोत्यासमोर उभं केलं आणि पेशव्यांच्या गणेशमहालाबद्दल सांगायला सुरुवात केली. भाद्रपदातला पेशव्यांचा उत्सव दरबारी होता. सरदार, शास्त्री, गवई यांचा मान त्यात ठरलेला होता. १८१८ ला पेशवाई गेली आणि तो थाटही गेला. पुण्यात गणपती घरोघरी आणि सरदारांच्या वाड्यांत उरला. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या संस्थानात मात्र थाटाचा उत्सव चालूच राहिला होता. पुढे पुण्यात सार्वजनिक उत्सवाची कल्पना निघाली ती तिथूनच, कृष्णाजीपंत खासगीवाले १८९२ साली ग्वाल्हेरचा उत्सव पाहून आले तेव्हा.

“म्हणजे पुण्याचाच उत्सव ग्वाल्हेरला जाऊन परत आला?” नागपूरच्या सरांनी विचारलं. मराठी सरदारांमागून पुण्याच्या कितीतरी गोष्टी उत्तरेत गेल्या, त्यातली ही एक माघारी आली.

लालमहालाची आजची इमारत विसाव्या शतकात महापालिकेनं उभारलेली आहे. तिथे फार न थांबता आम्ही कसब्यात शिरलो.

तांबट आळीतली सकाळ

कसबा ही पुण्याची मूळ वस्ती. बाकीच्या पेठा नंतर वसल्या. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं बेचिराख केलं. त्यानंतर जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन इथे आल्या आणि त्यांनी कसबा गणपतीचं देऊळ बांधलं. उजाड गावात माणसं परत यायची तर आधी ग्रामदैवत जागेवर हवं. पहिला मान कसब्याला का, याचं उत्तर त्यात आहे. देवळातला शेंदूरचर्चित गणपती वेगळा आणि मांडवातली उत्सवमूर्ती वेगळी, हे बाहेरून आलेल्यांना पटकन कळत नाही. हिंजवडीच्या जोडप्यानं आधी मांडवात दर्शन घेतलं आणि मग देवळात गेल्यावर दोघंही जरा गोंधळले. गुरवकाकांनी त्यांना समजावलं, “हा बारा महिन्यांचा. तो पाहुणा.”

तांबट आळी तिथून जवळच. आळी दिसण्याआधी ऐकू येते. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. उत्सव असो नसो, सकाळी हातोडे सुरू होतात. एका दारात कारागीर तांब्याची कळशी लोखंडी दांड्यावर आडवी धरून मठारत होते. मठारकाम म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत जाणं. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण ठोक्यानं पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते. पत्रा ठोकून ठोकून ताठर झाला की भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा, धुवायचा आणि परत दांड्यावर घ्यायचा. हातोडीचं तोंड आरशासारखं गुळगुळीत ठेवावं लागतं, कारण त्यावरचा ओरखडा प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उतरतो. ठोक्याच्या ओळी मोजायला त्यांनी कुठेही खूण केली नव्हती. डाव्या हातानं कळशी केसभर फिरायची, उजव्या हाताचा ठोका पडायचा आणि ओळ आपोआप सरळ यायची.

“हात लावून बघा की,” ते म्हणाले. तांबं गरम होतं. इतक्या ठोक्यांनी तापलेलं.

पूर्वी इथे बंब, घंगाळं आणि हंडे बनत. गीझर आले आणि बंब गेले. आता दिव्यांच्या छत्र्या, पाण्याचे तांबे, हॉटेलांची भांडी बनतात. धाकट्या पिढीतले थोडेच हातोडा धरतात. पण आळीच्या तोंडाशी मांडव आहे आणि संध्याकाळी तीच मुलं, ऑफिसातून येऊन, आरतीला उभी असतात. व्यवहार आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा... बऱ्याच आळ्यांतले धंदे पांगले. वर्षाचे दहा-अकरा दिवस मात्र आळीची माणसं आळीत असतात.

या फेरीत नसलेली एक जागा मी पुढे मुद्दाम जाऊन बघितली. कसब्यातून नागझरी ओलांडली की सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. भीमजीगीर गोसावी यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, १७७० मध्ये प्रतिष्ठापना झाली. पुण्यातली पेशवेकालीन देवळं बहुतेक साधी, विटा-चुन्याची आणि लाकडी मंडपाची असतात. इथे सगळं काळ्या दगडात कोरलेलं आहे. गणपतीला तीन सोंडा, सहा हात आणि वाहन मोर. दर्शनी भिंतीवर साखळदंडानं जखडलेला गेंडा आहे आणि त्याच्याभोवती टोपीवाले सैनिक आहेत. इंग्रज बंगाल आणि पूर्वेकडचे मुलूख एकेक करत ताब्यात घेत होते, त्याच काळात पुण्यातल्या एका शिल्पकारानं हे दगडात कोरलं. बंगालची बातमी सोमवार पेठेतल्या भिंतीवर कशी पोचली असेल, या विचारानं मी तिथे बराच वेळ उभी होते. उत्सवात लाखो माणसं दोन-तीन रस्त्यांवर दाटतात आणि हे देऊळ मोकळं राहतं. फेऱ्या काढणाऱ्यांनी ते वाटेत घ्यावं, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

बुधवारातला जुना वाद

तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता आणि तिच्या मांडवातला गणपती मानाचा दुसरा. या परिसरात आलं की एक वाद निघतोच: सार्वजनिक गणेशोत्सव सुरू कुणी केला? भाऊसाहेब रंगारी, म्हणजे भाऊ लक्ष्मण जावळे, पेशानं वैद्य. घरचा कापड रंगवण्याचा धंदा, म्हणून रंगारी. ग्वाल्हेरहून आलेल्या खासगीवाल्यांशी बोलणं झालं आणि भाऊसाहेबांनी १८९२ मध्येच गणपती बसवला, असं त्यांचं मंडळ सांगतं. १८९३ मध्ये शहरात आणखी काही ठिकाणी गणपती बसले आणि टिळकांनी ‘केसरी’त या उपक्रमाचं स्वागत केलं. टिळकांचा स्वतःचा गणपती १८९४ चा, विंचूरकर वाड्यातला. २०१७ साली महापालिकेनं १२५ वर्षं साजरी करायला घेतली तेव्हा हा वाद पुन्हा पेटला होता.

मला वाटतं, दोघांचं काम वेगवेगळं आहे आणि दोन्ही मोठी आहेत. रंगाऱ्यांनी गल्लीत गणपती बसवून दाखवला. टिळकांनी वर्तमानपत्र, मेळे आणि व्याख्यानं यांच्या बळावर तो गावोगाव नेला. रंगाऱ्यांची मूर्ती एकदा जवळून बघावी. लाकूड आणि भुसा वापरून केलेला, राक्षसाचा वध करणारा हा गणपती आहे. सोंड आवेशात, हात उगारलेला, राक्षस पायाशी. मांडी घालून आशीर्वाद देणाऱ्या गणपतींच्या गर्दीत हा एकटा लढतोय. तीच मूर्ती आजही बसते. एका वैद्यानं परक्या राज्यात असा देव चौकात का बसवला असेल, हे वाटाडीला सांगावंच लागलं नाही.

तालीम गेली, गणपती राहिला

लक्ष्मी रस्त्यावरचा गुरुजी तालमीचा गणपती मानाचा तिसरा. “तालीम कुठाय?” धायरीच्या मैत्रिणींपैकी एकीनं विचारलं. तालीम नाही. लाल माती नाही, आखाडा नाही, पण नाव आहे. हा गणपती सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा, १८८७ चा. भिकू शिंदे, नानासाहेब खासगीवाले आणि शेख कासम वल्लाद यांनी तो सुरू केल्याचं सांगतात. हिंदू आणि मुसलमान घरांतली मुलं एकाच मातीत कुस्ती खेळत, तिथे एकाच गणपतीची आरती होणं कुणाला नवल वाटलं नसावं. आज हे मोठ्यानं सांगायची गरज आहे आणि आमच्या वाटाडीनं ते सावकाश, प्रत्येक नाव उच्चारून सांगितलं.

पुढे चालताना लक्षात येत गेलं, तुळशीबागेत बाग नाही. बेलबागेत बेलाची बाग नाही, नाना फडणविसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ आहे. वाड्यांच्या जागी पाच-सहा मजली इमारती आल्या. ‘अमुक वाड्याशेजारी’ हा पत्ता वाडा पडल्यावर दहा वर्षांत मरतो. पण मंडळाच्या कमानीवर, पावतीपुस्तकावर, अहवालावर ते नाव छापलेलं असतं, म्हणून ते दरवर्षी पुन्हा उच्चारलं जातं. पेठांचा जुना नकाशा कुठल्या कचेरीपेक्षा मंडळांनी नीट राखला आहे.

मंडळ चालतं कसं, हे बघायला सकाळच बरी. गुरुजी तालमीपासून थोड्या अंतरावर एका छोट्या मंडळाचा कार्यकर्ता रात्रीचा पहारा संपवून खुर्चीतच चहा पीत होता. त्यानं बरंच सांगितलं. उत्सवाच्या कितीतरी आधी वासापूजन होतं, म्हणजे मांडवाचा पहिला वासा पूजा करून उभा करायचा. मग पोलीस आणि महापालिकेच्या परवानग्या, वीजजोड, वर्गणी. आळीतल्या घरांची वर्गणी पूर्वी महत्त्वाची होती. आता मोठा भार कमानींवरच्या जाहिरातींवर. तरी हा मुलगा पावतीपुस्तक घेऊन घरोघरी जातोच. “पैशासाठी नाही हो,” तो म्हणाला, “तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एरवी दिसत नाहीत. वर्गणीला गेलं की कळतं कशा आहेत ते.” वर्षाचा जमाखर्च अहवालात छापतात. त्यात किराणावाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती. असे जुने अहवाल जपून ठेवले तर एका आळीचा शंभर वर्षांचा व्यापार त्यांत सापडेल. कुणीतरी ते गोळा करायला हवेत.

रस्त्याच्या दोन बाजू

दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर सकाळीही रांग होती. ऋषिपंचमीला पहाटे इथे हजारो स्त्रिया रस्त्यावर बसून अथर्वशीर्ष म्हणतात. नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, नातीला मांडीवर घेतलेल्या. ते दृश्य आता पुण्याच्या उत्सवाची ओळख बनलं आहे.

वाटाडीनं आम्हाला रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवलं. इथे भिडेवाडा होता. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. मोडकळीला आलेला वाडा कित्येक वर्षं न्यायालयीन वादात अडकला होता. सर्वोच्च न्यायालयात निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला, जागा राष्ट्रीय स्मारकासाठी. समोर पहाटे संस्कृत म्हणणाऱ्या हजारो बायका आणि अलीकडच्या बाजूला, ज्या जागेवरून त्यांच्या अक्षरओळखीची सुरुवात झाली, ती जागा. सावित्रीबाईंनी शाळेत जाताना अंगावर शेण झेललं त्या याच गल्ल्या. फुलं आणि नारळ घेतलेली माणसं या जागेला पाठ करून रांगेत उभी असतात. एखाद्या मंडळानं त्या रांगेशेजारी चार ओळींची पाटी लावली तर किती बरं होईल.

मंडईतही फुले भेटतात. आठ कोनांच्या मनोऱ्याची ही इमारत १८८६ ची, मूळ नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर जावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. बाहेर टिळकांचा पुतळा आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिलेला. अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक निघते ती या पुतळ्यापासून.

तुळशीबागेत मी स्वतः रेंगाळले. नारो अप्पाजींनी बांधलेलं राममंदिर दुकानांच्या मधोमध आहे. पितळी भातुकली, बांगड्या, रांगोळीचे छाप यांच्यातून वाट काढत आत गेलं की एकदम अंगण उघडतं आणि वर उंच शिखर दिसतं. मानाच्या चौथ्या गणपतीची उंच फायबरची मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकरांची. मूर्ती, मखर आणि देखावा यांचा एकत्र विचार करायची सवय पुण्याच्या मंडळांना लावण्यात खटावकरांचा वाटा मोठा आहे.

ताशा पुढे, ढोल मागे

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि रस्त्यावर आलेला नक्षीदार सज्जा. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग गेला, पुढे बरीच वर्षं नगरपालिकेची कचेरी इथे होती. सज्ज्याखाली उभं राहून वाटाडीनं ढोलपथकांबद्दल सांगितलं आणि तिचा आवाजच बदलला, कारण ती स्वतः पथकात आहे.

शिस्तीतल्या, गणवेषातल्या पथकांची आजची रीत ज्ञानप्रबोधिनीच्या अप्पा पेंडश्यांनी रुजवली. आता शहरात अशी कितीतरी पथकं आहेत आणि त्यांत मुली मोठ्या संख्येनं आहेत. उत्सवाआधी महिना-दोन महिने संध्याकाळी नदीकाठी सराव चालतो. ढोल कमरेला बांधायचा. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात, मग पट्ट्या गुंडाळून वाजवायचं. पान पूर्वी चामड्याचं असे, पावसात सैल पडे. आता प्लॅस्टिकचं आल्यानं पाऊस चालतो, पण नाद कोरडा झाला, असं जुने वादक म्हणतात. ठेका ठरवतो ताशा. ताशेवाल्यानं हात बदलला की ढोलांच्या रांगांनी त्याच क्षणी बदलायचं. शंभर जणांनी एका ताशाकडे कान लावून वाजवणं ही फार मोठी शिकवण आहे.

आवाजाचं काय, असं सरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. अरुंद रस्त्यात स्पीकरच्या भिंती लागल्या की जुन्या इमारतींची तावदानं हादरतात, आजारी माणसांचे हाल होतात. पथकं जास्त झाली की मिरवणूकही एका चौकात तासन्‌तास थांबते. ती चोवीस तासांच्या पुढे जाते, ते त्यामुळेच. वाटाडीचं म्हणणं स्पष्ट होतं: स्पीकर बंद व्हावेत आणि पथकांनीही वादकांची संख्या आणि थांबे यांची मर्यादा पाळावी. मला ते पूर्ण पटलं. माणसाच्या हातानं वाजणारं वाद्य दमतं. त्यामुळे त्याला आपोआप विसावा असतो. यंत्राला तो नाही.

शेवटचा टप्पा नारायण पेठेतला केसरीवाडा. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी घेतला आणि १९०५ पासून त्यांचा गणपती इथे बसू लागला. हा मानाचा पाचवा. ज्यानं उत्सव देशभर नेला त्याचा गणपती पाचव्या क्रमांकावर, आणि तो क्रम आजवर कुणी मोडलेला नाही. आधी ग्रामदैवत, मग ग्रामदेवता, मग तालीम, मग बाजार आणि शेवटी नेता. विसर्जनालाही हाच क्रम. गेली काही वर्षं मानाचे गणपती नदीऐवजी काठावरच्या हौदात विसर्जित होतात. त्यांनी सुरुवात केल्यामुळे बाकीच्यांनाही तो मार्ग सोपा झाला.

तोवर दहा वाजून गेले होते. रस्त्यावर दुचाक्या वाढल्या होत्या, मांडवांचे पडदे वर गेले होते, कुठेतरी सकाळची आरती उशिरानं चालू होती. नागपूरच्या सरांनी अनंत चतुर्दशीच्या फेरीत जागा आहे का, असं विचारलं.

“त्या दिवशी फेरी नसते, काका. माझ्या गळ्यात ताशा असतो.”

“मग आम्ही कुठे उभं राहायचं?”

“बेलबाग चौकात या, काकूंना घेऊन. पाणी जवळ ठेवा, चपला घट्ट बांधा.”

“किती वाजता?”

“ते मी कसं सांगू? मंडईतून आधी कसबा हलला पाहिजे.”